डेंटल हायजिनिस्ट व्हायचंय : सांगली-सातारा भागातून शिक्षण, हाताचा सराव आणि गावातलं काम

कडेगावकर

भाची विट्याला बारावी सायन्सला आहे, बायोलॉजी घेतलंय. नीटच्या मागे लागायचं नाही असं तिने ठरवलंय, पण काम दातांच्या क्षेत्रातच करायचं आहे आणि शाळा-वस्त्यांवर जाऊन काम करायची मनापासून ओढ आहे. डेंटल हायजिनिस्ट म्हणजे नक्की कोण, कोर्स किती वर्षांचा, हातात काय काय यावं लागतं? शिकताशिकता गावात काय करता येईल? एका खाजगी क्लासने 'सहा महिन्यांत हायजिनिस्ट' म्हणून फी सांगितली आहे. ती भरावी का, हेही सांगा. जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

दंतपंगत

दादा, फी भरू नका. आधी कायदा समजून घ्या, म्हणजे बाकीचं आपोआप उलगडेल.

दंतवैद्यक कायदा १९४८ चा. त्यात तीन वेगळी माणसं सांगितली आहेत : दंतवैद्य, डेंटल हायजिनिस्ट आणि डेंटल मेकॅनिक (कवळी वगैरे बनवणारा). तिघांच्या नोंदवह्या वेगळ्या. दात खरवडून किटण (दातांवर साठलेला कडक थर) काढणं, साफ करणं, पॉलिश करणं आणि दातांच्या निगेचं शिक्षण देणं हे हायजिनिस्टचं काम. दाढ काढणं, सिमेंट भरणं, रूट कॅनाल, औषध लिहून देणं यातलं काहीही तिचं नाही, आणि स्वतःचा वेगळा दवाखाना थाटता येत नाही. काम दंतवैद्याच्या देखरेखीखाली चालतं.

कोर्स दोन वर्षांचा डिप्लोमा. बारावी सायन्स, फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजीसह. डिप्लोमा मान्यताप्राप्त कॉलेजातून झाला तरच महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे नोंदणी होते. सहा महिन्यांच्या क्लासचं प्रमाणपत्र फार तर डेंटल असिस्टंटच्या नोकरीला उपयोगी पडतं. असिस्टंट डॉक्टरांच्या बाजूला उभी राहून सक्शन धरते, साहित्य हातात देते, ट्रे लावते. तेही कष्टाचं आणि गरजेचं काम आहे, पण तिला पेशंटच्या तोंडात स्केलर (किटण खरवडायचं उपकरण) घालायची परवानगी नाही. हे दोन्ही एकच आहे असं भासवून पैसे घेतले जातात, इथेच मुली फसतात.

पैसे देण्याआधी तीनच गोष्टी विचारायच्या : डिप्लोमाचं नेमकं नाव काय, देशपातळीवरच्या दंत परिषदेच्या मान्यताप्राप्त कॉलेजांच्या यादीत या कॉलेजचं नाव हायजिनिस्ट कोर्ससाठी आहे का, आणि पास झाल्यावर राज्य परिषदेत नोंदणी होते का. 'बीडीएसला मान्यता आहे' हे उत्तर चालणार नाही. आपल्याकडे सांगलीला भारती विद्यापीठाचं आणि वसंतदादा पाटील दंत महाविद्यालय आहे, कराडला मलकापुरात कृष्णाचं आहे. पण बीडीएस चालतं तिथे हायजिनिस्टच्या जागा असतातच असं नाही, त्या वर्षीची यादी बघावी लागते. मुंबई आणि नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयांकडेही चौकशी करा. जागा अगदी थोड्या असतात, त्यामुळे बारावीचे मार्क महत्त्वाचे. आणखी एक : २०२३ साली संसदेने राष्ट्रीय दंत आयोग कायदा मंजूर केला, तो १९४८ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी आहे. म्हणून जुनं माहितीपत्रक बघून निर्णय घेऊ नका, चालू वर्षाची सूचना बघा.

कास पठार

नोकरीचं मी स्पष्ट लिहितो, कारण कोर्स संपल्यावर मुली इथेच निराश होतात. साताऱ्यात काय, सांगलीत काय, एक खुर्चीच्या दवाखान्यात डॉक्टर स्केलिंग (किटण काढणं) स्वतःच करतात. त्यांना असिस्टंट हवी असते, हायजिनिस्टचा वेगळा पगार परवडत नाही. हायजिनिस्टला जागा कुठे? दंत महाविद्यालयांत, मोठ्या रुग्णालयांच्या दंत विभागात, पुण्या-मुंबईच्या अनेक खुर्च्यांच्या दवाखान्यांत, रेल्वेच्या पॅरामेडिकल भरतीत (तिथे डेंटल हायजिनिस्ट हे स्वतंत्र पद असतं), आणि राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या कंत्राटी पदांत. या सगळीकडे नोंदणी क्रमांक विचारतात.

जिल्ह्यातच राहायचं असेल तर लोकांत मिसळून काम करायचं कौशल्य ही खरी जमेची बाजू. शाळातपासणी व्यवस्थित लावता येणं, नोंदी बिनचूक ठेवता येणं, तपासलेलं मूल खुर्चीपर्यंत आणता येणं. दंत महाविद्यालयांच्या सामाजिक दंतशास्त्र विभागाला अशीच माणसं हवी असतात. भाचीची ओढ त्या बाजूची आहे, म्हणजे दिशा बरोबर आहे.

मिरज जंक्शन

हाताच्या सरावावर लिहितो. दोन वर्षांत पुस्तकं कशीही होतात, हात मात्र रोज सरावाला बसल्याशिवाय तयार होत नाही.

पहिली गोष्ट पकड. उपकरण पेनासारखं धरायचं, पण मधल्या बोटाची शेंडी दांड्यावर टेकलेली आणि अनामिका शेजारच्या दातावर रोवलेली. ही अनामिका म्हणजे हाताचा खुंटा. गाल किंवा ओठावर टेकवली तर पेशंट हलला की उपकरण हिरडीत घुसतं. सुरुवातीला मुली हवेत हात ठेवून खरवडतात, मग मनगट दुखतं आणि किटण तसंच राहतं.

दुसरी गोष्ट, कुठल्या जागेला कुठलं उपकरण. हिरडीच्या वरच्या जाड किटणाला सिकल (विळ्यासारखं टोकदार उपकरण). हिरडीखाली ग्रेसी क्युरेट (गोल टोकाचं बारीक पातं, आकडे म्हणजे त्याचे नंबर) : पुढच्या दातांना १/२ आणि ३/४, दाढांच्या गालाकडच्या व जिभेकडच्या बाजूला ७/८, दाढेच्या पुढच्या बाजूला ११/१२, मागच्या बाजूला १३/१४. पात्याजवळचा दांड्याचा शेवटचा तुकडा दाताच्या पृष्ठभागाला समांतर आला की पातं आपोआप योग्य कोनात बसतं. हे एक कळलं की निम्मा गोंधळ संपतो.

तिसरी गोष्ट धार. याकडे कुणी लक्ष देत नाही म्हणून जरा लांबण लावतो. बोथट क्युरेट किटण काढत नाही, ते घासून गुळगुळीत करतं. वरून प्रोब (तपासायची बारीक सळई) फिरवला तर स्वच्छ लागतं, आत थर तसाच. मग हिरडी महिन्याभराने परत सुजते आणि दोष पेशंटच्या ब्रशला दिला जातो. धार तपासायची ती दिव्याखाली : पातं हळूहळू फिरवायचं. कड बोथट असेल तर तिच्यावर बारीक पांढरी रेघ चमकते, कारण कड गोल झाली की उजेड परतवते. धारदार कडेला रुंदीच नसते, तिथे काहीच चमकत नाही. दगडाला तेलाचा थेंब लावायचा (सिरॅमिक असेल तर पाणी), पात्याचा वरचा सपाट भाग जमिनीला समांतर ठेवायचा, आणि दगड त्याच्याशी साधारण १०० ते ११० अंशात धरून छोट्या फटकाऱ्यांनी खाली आणायचा. शेवटचा फटकारा खालीच संपवायचा, वर संपवला तर कडेला धातूची बारीक कुसळं राहतात. पात्याच्या टाचेपासून (दांड्याकडच्या बाजूपासून) टोकापर्यंत सारखं फिरायचं. टोकालाच घासत राहिलं तर क्युरेटचं गोल टोक अणकुचीदार होतं आणि हिरडी फाडतं.

अल्ट्रासॉनिक स्केलर (कंपनाने किटण काढणारं यंत्र) सोपा वाटतो, पण चुका त्यातच जास्त. टीप दाताला जवळजवळ चिकटून, ० ते १५ अंशात, सतत हलती आणि दाब पिसासारखा. जोर दिला की कंपन थांबतं आणि नुसती उष्णता राहते. टोक सरळ दातावर रोवलं तर दातावर खाच पडते. पाणी बारीक धुक्यासारखं हवं. थेंब थेंब गळत असेल तर टीप तापते. टीप १ मिलिमीटर झिजली की सुमारे पाव ताकद जाते, २ मिलिमीटरला निम्मी. टिपेबरोबर मिळणारं मापाचं कार्ड फेकून देऊ नका, महिन्यातून एकदा टीप त्यावर लावून बघा. सकाळी पहिल्या पेशंटआधी पाण्याची नळी २ मिनिटं वाहती सोडायची आणि दर दोन पेशंटांमध्ये २० ते ३० सेकंद. रात्रभर साचलेल्या पाण्यात जंतूंचा बुळबुळीत थर धरतो.

कॉलेजात सराव टायपोडाँटवर (नकली दातांच्या साच्यावर) होतो. काढलेल्या दातांवर करायचा असेल तर ते आधी निर्जंतुक करून पीओपीत रोवायचे. चांदी भरलेला दात ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) घालायचा नाही, त्यातून पाऱ्याची वाफ निघते. असे दात दोन आठवडे १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात.

कडेगावकर

मिरज जंक्शन, मनापासून आभार. एक शंका. आमच्याकडे घरोघरी ऐकू येतं की दात साफ करून घेतले की ते हलायला लागतात आणि फटी पडतात. भाचीला हे शंभर वेळा ऐकावं लागणार. उत्तर काय द्यावं?

दंतपंगत

लोक खोटं बोलत नाहीत, त्यांना तसा अनुभव येतो. म्हणून 'गैरसमज आहे' म्हणून उडवून लावायचं नाही. खालच्या पुढच्या चार-सहा दातांच्या आतल्या बाजूला, जिभेखाली, लाळग्रंथींची तोंडं उघडतात. तिथे किटण सगळ्यात लवकर साठतं, आणि वर्षानुवर्षं साठत गेलं की ते सगळे दात एकमेकांना सिमेंटने जोडल्यासारखे बांधले जातात. त्या थराखाली हाड कधीच खचलेलं असतं. थर काढला की आधीच सुटलेला दात सुटा जाणवतो, आणि किटणाने बुजलेली फट मोकळी दिसते. हाड खचवलं किटणाने, उघडकीस आणलं स्केलिंगने.

हे आधी सांगायचं. पेशंटच्या हातात आरसा देऊन किटण दाखवायचं, दात बोटाने हलवून आत्ताच किती हलतो ते दाखवायचं आणि तसं कागदावर लिहायचं. स्केलिंगनंतर काही दिवस थंड पाण्याने दात आंबतील हेही आधीच. नंतर सांगितलेली तीच गोष्ट सबब वाटते.

खुर्चीवर बसवण्याआधी प्रत्येकाला विचारायचे प्रश्न तोंडपाठ हवेत : हृदयाची झडप बसवली आहे का, पेसमेकर आहे का, रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का, साखर आहे का आणि शेवटची कधी तपासली, बाईमाणूस असेल तर दिवस गेलेत का, खोकला किती दिवसांचा. काही प्रकारचे मॅग्नेटोस्ट्रिक्टिव्ह (चुंबकीय पद्धतीने कंपन करणारे) स्केलर पेसमेकरवाल्यांना टाळतात. झडपवाल्यांना आधी अँटिबायोटिक लागतं, आणि रक्त पातळ करणारी गोळी परस्पर बंद करायला सांगणं धोक्याचं आहे. उत्तर 'हो' आलं की हायजिनिस्टने थांबायचं आणि डॉक्टरांना विचारायचं. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर आधी टीबीची तपासणी, स्केलरचा फवारा नंतर.

कृष्णाकाठ

शाळेतल्या तपासणीवर लिहितो. शिबिर म्हटलं की बॅनर, सत्कार आणि फोटो डोळ्यांसमोर येतात. आकडेमोड मात्र कुणी करत नाही.

समजा पटावर १८० मुलं. एका मुलाला नोंदीसह ३ मिनिटं धरा, म्हणजे ५४० मिनिटं, नऊ तास. तपासणारे दोघं आणि लिहिणारे दोघं असतील तर साडेचार तास. शाळा साडेदहाला भरते, मधे पोषण आहार असतो, म्हणजे एका दिवसात जेमतेम बसतं. तपासणारा एकटा असेल तर मुलं निम्मी घ्या. दिवसभरात तीनशे तोंडं बघितली असं कुणी सांगितलं तर नोंदींवर विश्वास ठेवायचा नाही.

सामान : १८० मुलांना ग्लोव्हजच्या १८० जोड्या, फाटतात म्हणून २०० धरा, म्हणजे शंभर नगांचे ४ डबे. मुखदर्पण (तोंडात घालायचा छोटा आरसा) आणि प्रोबचे पाऊचमध्ये निर्जंतुक केलेले संच जितके असतील तितकीच मुलं तपासायची. वीस आरसे नेऊन सॅव्हलॉनच्या पाण्यात बुडवून पुन्हा वापरणं अजूनही चालतं, ते पूर्ण चूक आहे. २ टक्के ग्लुटराल्डिहाइडमध्ये निर्जंतुकीकरणाला १० तास लागतात. दोन मिनिटं बुचकळून हाती काहीच लागत नाही. संच कमी असतील तर लाकडी जीभदाबणी आणि टॉर्च घेऊन फक्त प्राथमिक चाळणी करा आणि कागदावर तसंच लिहा.

उजेड : मुलाचं तोंड खिडकीकडे, तपासणाऱ्याची पाठ खिडकीकडे. कपाळावर हेडलॅम्प. मुलाला बाकावर आडवं करून डोकं बाकाच्या टोकाशी आणलं आणि तपासणारा मागे बसला की वरच्या दाढा नीट दिसतात, आणि पाठही वाचते. कोपर काटकोनात, मान २० अंशांहून जास्त झुकलेली नको, डोळ्यापासून तोंड ३५ ते ४० सेंटीमीटरवर.

प्रत्येकाने एकसारखं मोजावं यासाठी आधी सराव हवा. वीस मुलं दोघांनी वेगवेगळी तपासायची, कागद समोरासमोर ठेवायचे, फरक कुठे पडला ते बघायचं. हा फरक बहुतेक वेळा डागात पडतो : एकजण तपकिरी डागाला कीड म्हणतो, दुसरा म्हणत नाही. नियम ठरवा. पोकळी किंवा मऊ तळ असेल तरच कीड, नुसत्या डागाला नाही. टोकदार एक्सप्लोरर खाचेत खुपसून बघायची जुनी सवय सोडा. नुकत्याच मऊ पडलेल्या कवचाला त्याने भोक पडतं.

तोंडाची स्वच्छता मोजायला ओएचआय-एस. १९६४ चा ग्रीन-व्हर्मिलियनचा हा निर्देशांक शिकायला सोपा आहे. सहाच दात बघायचे (क्रमांकातला पहिला आकडा तोंडाचा चौथाई भाग, दुसरा मधल्या दातापासूनची जागा) : १६, ११, २६ आणि ३१ बाहेरून, ३६ आणि ४६ जिभेकडून. थर एक तृतीयांशापर्यंत १, दोन तृतीयांशापर्यंत २, त्यापुढे ३. मळ आणि किटण यांच्या सरासऱ्या काढून बेरीज करायची. १.२ पर्यंत चांगलं, ३ पर्यंत मध्यम, ३.१ ते ६ वाईट.

प्रोबचा दाब २० ग्रॅम सांगतात, पण हाताला ग्रॅम कसे कळणार? प्रोबचं गोळीसारखं टोक स्वतःच्या अंगठ्याच्या नखाखाली ठेवून हळू दाबा. नखाखालचं मांस पांढरं पडलं पण दुखलं नाही, तो दाब बरोबर. दिवसातून दोनदा करून बघा, म्हणजे हात लक्षात ठेवतो. पंधरा वर्षांखालच्या मुलांत हिरडीच्या फटीची खोली मोजायची नाही. दात अजून वर येत असतात, खोटी खोली सापडते. फक्त रक्त येतं का ते बघा.

आणि एक दाढ विसरू नका. सहाव्या वर्षी दुधाच्या शेवटच्या दाढेमागे नवी दाढ येते. तिच्यासाठी एकही दात पडत नाही, त्यामुळे घरात कळतच नाही. आईला ती दुधाचीच वाटते, 'पडणारच आहे' म्हणून किडली तरी सोडून देतात. ती आयुष्यभराची दाढ असते. पहिली-दुसरीच्या वर्गात पालकसभेत दुसरं काहीच सांगितलं नाही तरी चालेल, ही दाढ बोट लावून दाखवा.

माणदेशी

आमच्याकडे माण-खटावला आणि तिकडे जत-आटपाडीला शाळेइतकंच बायकांमधलं काम मोठं आहे, ते मिश्रीचं. शहरातून शिकून आलेल्या मुलींना याचा अंदाज नसतो.

तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, बोटाने दात-हिरड्यांवर घासायची. सकाळी एकदा म्हणून सुरू होतं, मग दुपारी, मग रानातून आल्यावर. बाई याला व्यसन म्हणत नाही, दात घासणं म्हणते. म्हणून 'तंबाखू खाता का?' विचारलं की उत्तर 'नाही' येतं, आणि ते तिच्या दृष्टीने खरं असतं. विचारायचं असं : 'मावशी, दात कशाने घासता? दिवसातून किती वेळा? घासल्यावर तोंडात किती वेळ ठेवता? सकाळी नाही लावली तर डोकं दुखतं का, पोट साफ होत नाही का?' शेवटच्या प्रश्नाला 'हो' आलं की निकोटिनची ओढ किती आहे ते कळतं.

तोंडात बघायच्या जागा : ज्या बोटाने लावते त्या बाजूचा ओठाचा आतला भाग आणि गालाची खोबण, हिरडीची कड, जिभेच्या कडा, जिभेखाली, टाळू. गॉजने पुसून न जाणारा पांढरा चट्टा, लाल मखमली चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, कडक गाठ. यातलं काहीही दिसलं की त्याच आठवड्यात दंतवैद्याकडे पाठवायचं. पुरुषांत मावा-सुपारीवाले असतील तर तोंड किती उघडतं ते मोजा. उभी तीन बोटं जात नसतील तर लिहा आणि पाठवा. गुटख्याला राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण सुपारीने तोंड बंद होणारे पेशंट येतच असतात.

बोलताना भीतीची चित्रं पुढे करू नका, बाई दुसऱ्या वेळी येत नाही. चार वेळा लावते तर कुठली वेळ सगळ्यात सोपी सुटेल ते तिलाच ठरवू द्या. बहुतेकींना दुपारची सुटते, सकाळची शेवटी सुटते. ओढ येते ती काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ बडीशेप, लवंग, पाणी, हातातलं काम. पेस्ट-ब्रश हातात द्या, पण नुसता ब्रश देऊन मिश्री सुटत नाही, कारण ब्रशात निकोटिन नाही. तंबाखू घातलेल्या मंजन-पेस्टवर १९९२ साली बंदी आली, तरी घरची मिश्री कुठल्या बंदीत येत नाही. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती सेवेचा १८००-११-२३५६ हा टोल फ्री क्रमांक कागदावर मोठ्या आकड्यात लिहून द्या. आठवड्याने आशाताईंना घेऊन त्याच घरी परत जा. हे परत जाणंच काम करतं.

वाई घाट

शाळेत रोज ब्रश करून घेण्याचा उपक्रम सुरू करायचा विचार आहे. जेवणानंतर हात धुवायला मुलं रांगेत असतातच. ६० मुलांसाठी किती पेस्ट लागेल? आणि फ्लोराइड वार्निश (दातांवर लावायचा फ्लोराइडचा लेप) लावून घेतलं तर ब्रशची कटकट नाही, असं एकाने सुचवलं.

कृष्णाकाठ

वार्निश ब्रशच्या बदल्यात नाही, ताई. दोन्ही वेगळी कामं करतात.

पेस्ट वाटाण्याएवढी, म्हणजे साधारण पाव ग्रॅम. ६० मुलं, रोज १५ ग्रॅम, महिन्याचे २५ दिवस धरले तर ३७५ ग्रॅम. दीडशे ग्रॅमच्या अडीच ट्यूबा. ब्रश तीन महिन्यांनी बदलायचे, म्हणजे शाळेच्या वर्षात मुलामागे तीन-चार. अंगणवाडीतल्या तीन वर्षांखालच्यांना तांदळाच्या दाण्याएवढीच पेस्ट, तीही बाईंनी लावायची. थुंकायचं, पण खळखळून चुळा भरायच्या नाहीत, फ्लोराइड धुऊन जातं.

हा उपक्रम बंद कुठे पडतो ते सांगतो. ब्रश कपाटात बंद ठेवतात, पावसाळ्यात वाळत नाहीत, बुरशी येते. भिंतीवर भोकांची लाकडी पट्टी ठोका, ब्रश उभे, डोकी वर, एकमेकांना न लागता, प्रत्येकावर हजेरीचा नंबर. दुसरं, सगळा भार एकाच बाईंवर पडतो आणि त्यांची बदली झाली की संपतं. चौथी-पाचवीच्या दोन मुलांकडे पेस्ट द्या, त्यांना कामाचा अभिमान वाटतो. तिसरं, उन्हाळ्यात नळाला पाणी नसतं. एका मुलाला अर्धा पेला पुरतो, ६० मुलांना दोन कळशा. तेवढ्याची सोय आधी बघा.

वार्निश ५ टक्के सोडियम फ्लोराइडचं, २२,६०० पीपीएम. मुलामागे पाव मिलिलिटर धरलं तर १० मिलिलिटरची ट्यूब ४० मुलांना. ते खाली बसतं, म्हणून प्रत्येक मुलाआधी ढवळायचं, नाहीतर पहिल्या दहांना नुसती राळ आणि शेवटच्यांना सगळं औषध. गॉजने दात पुसून पातळ थर. त्या दिवशी गरम आणि कडक खायचं नाही, ब्रश दुसऱ्या दिवशी सकाळी. दात पिवळट दिसतील हे पालकांना आधीच चिठ्ठीत लिहा. सहा महिन्यांनी परत लावायचं, एकदा लावून सोडलं तर खर्च वाया. हिरडीला जखमा असतील, राळेची ॲलर्जी असेल तर लावायचं नाही. आणि हे दंतवैद्य सोबत असतानाच, पालकांच्या सहीनिशी.

बोअरचं पाणी पिणारी वस्ती असेल तर पाण्याचा फ्लोराइड अहवाल ग्रामपंचायतीकडून आधी मागा. पिण्याच्या पाण्यात १ मिलिग्रॅम प्रतिलिटरपर्यंत चांगलं, १.५ ही शेवटची मर्यादा. त्यापुढे असेल तर आधी पाण्याचं बघायला हवं. मुलांच्या दातांवर खडूसारख्या पांढऱ्या रेघा किंवा तपकिरी डाग दोन्ही बाजूंना सारखे दिसले तर कीड लिहू नका, तो जास्त फ्लोराइडचा परिणाम असू शकतो.

मिरज जंक्शन

शिबिरानंतरचा कचरा शाळेच्या उकिरड्यावर टाकून जाऊ नये म्हणून : रक्त-लाळ लागलेला कापूस, गॉज, मास्क पिवळ्या पिशवीत. ग्लोव्हज, सक्शनच्या नळ्या लाल पिशवीत. सुया आणि टोकदार काहीही पांढऱ्या न भोसकणाऱ्या डब्यात. हे जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम. पिशव्या कॉलेज किंवा दवाखान्यात परत न्यायच्या.

ऑटोक्लेव्ह १२१ अंशाला १५ पौंड दाबावर किमान १५ मिनिटं, तेही तापमान चढल्यानंतर मोजून. पाऊच एकावर एक कोंबले की मधे वाफ जात नाही. कात्रीसारखी उपकरणं उघडी ठेवा. आधी ब्रशने घासून रक्त काढलेलं हवं, वाळलेल्या रक्ताखाली जंतू जगतात. पाऊचवरची पट्टी रंग बदलली म्हणजे उष्णता लागली एवढंच. जंतू मेले का ते बघायला आठवड्यातून एकदा स्पोअर टेस्ट (चिवट जंतू आत ठेवून घेतलेली चाचणी).

भाचीने कोर्सला प्रवेश मिळताच हेपॅटायटिस बी ची लस सुरू करावी : आज, महिन्याने, सहाव्या महिन्यात. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी रक्त तपासून अँटीबॉडी १० mIU/mL च्या वर आहे का ते बघायचं. क्लिनिकल पोस्टिंग (प्रत्यक्ष पेशंटवरचं काम) सुरू झाल्यावर लस आठवणं उशिराचं आहे.

कडेगावकर

सगळं वहीत उतरवून ठेवतो आहे. अजून एक. बारावी संपेपर्यंत आणि प्रवेश मिळेपर्यंत तिने काय करावं? रिकामं बसायला तिला आवडत नाही.

माणदेशी

तोंडात बोट किंवा उपकरण घालायचं नाही, एवढी एक मर्यादा. बाकी पुष्कळ आहे. जवळच्या दंत महाविद्यालयाच्या सामाजिक दंतशास्त्र विभागाला भेटून शिबिरात नोंदी लिहायचं काम मागा. तपासणारा दात क्रमांक बोलतो आणि ती लिहिते. दोन शिबिरांत ११ ते ४८ आणि दुधाच्या दातांचे ५१ ते ८५ पाठ होतात, कोर्समध्ये यावर महिना जातो. शाळेत मोठा दातांचा साचा घेऊन ब्रश दाखवणं : ब्रशचे केस हिरडी आणि दात यांच्या सांध्यावर ४५ अंशात, जागच्या जागी थरथर, मग दाताच्या टोकाकडे झटका. दोन मिनिटं, रात्रीचा ब्रश चुकवायचा नाही. आरोग्यखात्याच्या आरबीएसके (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम) पथकाच्या शाळाभेटीच्या तारखा प्राथमिक आरोग्य केंद्रातून मिळतात. दातांचे दोष त्यांच्याही तपासणीत येतात, त्याच दिवशी मदत केली तर एकच मूल दोनदा वर्गाबाहेर काढावं लागत नाही. परवानगी मुख्याध्यापक आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांची, लेखी.

कृष्णाकाठ

आणि तिला एक वही नक्की ठेवायला सांगा, पाठवलेल्या मुलांची. शिबिरात साठ मुलांना 'दवाखान्यात जा' लिहून दिलं, त्यातली किती पोचली, हे विचारलं की बहुतेक शिबिरांकडे उत्तर नसतं. न पोचण्याची कारणं ठरलेली असतात : आईचा रोज बुडतो, एसटीची वेळ जुळत नाही, कॉलेजात कुठल्या मजल्यावर जायचं कळत नाही, दुखायचं थांबलं. म्हणून चिठ्ठीवर फक्त 'कीड आहे' नको. मुलाचं नाव, दात क्रमांक, कोणत्या विभागात जायचं, कोणता वार, कोणती एसटी, सोबत काय आणायचं, खर्च किती किंवा मोफत, हे सगळं हवं. त्याहून बरं म्हणजे दहा-बारा मुलांची एक तारीख ठरवून एका शिक्षकासोबत एकाच गाडीने आणणं. पंधराव्या दिवशी वही घेऊन शाळेत जायचं, पोचलेल्यांपुढे तारीख, न पोचलेल्यांपुढे कारण.

ऊसतोड कामगारांच्या मुलांना ही पद्धत लागू पडत नाही. हंगाम संपला की टोळी गाव सोडते, 'पुढच्या महिन्यात या' याला अर्थ उरत नाही. कारखान्याजवळच्या कोप्यांवर (झोपड्यांवर) जायचं तर दंतवैद्याला सोबत घेऊन, आणि जे एका बैठकीत पुरं होतं तेच दंतवैद्याने करायचं : हाताच्या उपकरणाने मऊ कीड काढून ग्लास आयोनोमर सिमेंट भरणं, किंवा पोकळीवर ३८ टक्के सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड. दुसऱ्याने कीड थांबते पण जागा कायमची काळी पडते, ते आईला काळ्या पडलेल्या दाताचा फोटो दाखवून, तिने होकार दिल्यावरच. माणसं पहाटेच फडात जातात, म्हणून वेळ संध्याकाळी पाचनंतरची ठेवा आणि हेडलॅम्पच्या जादा बॅटऱ्या न्या. केलेल्या उपचाराचं कार्ड आईच्या हातात द्यायचं, आपल्या फायलीत नाही. बीडला परत गेल्यावर तिथल्या डॉक्टरला ते कार्डच उपयोगी पडतं.